दोन काठ्यांवर बयाबाई डोंगर चढली

कापूरहोळला भोरच्या फाट्यावर मी एसटीची वाट बघत उभा होतो, तेव्हा रस्त्याच्या मधोमध एक बाई थांबलेली दिसली. हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण, काटक अंग, वय साठीच्या पुढं. अंगानं पुढं झुकलेली आणि दोन्ही पाय डांबरात रुतल्यासारखे. एका बाजूनं खडीचा डंपर हॉर्न देतोय, दुसऱ्या बाजूला दुधाचा टेम्पो अडकलाय, आणि तिचा मुलगा तिचा दंड धरून ओढतोय.

"आये, चल की! गाडी आली मागनं!"

तो जितका ओढी तितकी ती पुढं कलंडत होती, पण पाऊल काही सुटत नव्हतं. ढाब्यावरची माणसं हातातला चहा तसाच ठेवून उठली. कुणी म्हणालं, "फिट आलीय." दुसरा म्हणाला, "अंगात आलंय, लिंबू आणा."

मला मात्र बघताक्षणी कळलं. माझ्या डोक्याच्या आधी माझ्या पोटऱ्यांना कळलं, कारण तेच दुखणं माझ्याही अंगात होतं.

मी बंडू खुटवड, किकवीचा. एसटीत एकोणतीस वर्षं कंडक्टर होतो. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना उजव्या हाताचा अंगठा आपोआप बोटांवर फिरायला लागला. तंबाखू मळतोय असंच दिसायचं. उतारू म्हणायचे, "मास्तर, चिमूटभर आमालाबी द्या." मी हसायचो. पुढं पाय अडायला लागले, तेव्हा हसू गेलं. डॉक्टरांनी सांगितलं, कंपवात. इंग्रजीत पार्किन्सन. मेंदूत एक रसायन कमी पडतं आणि हुकूम पायापर्यंत नीट पोचत नाही. मी ते माझ्या भाषेत समजून घेतलं: आपण डबल घंटी मारतो, पण गाडी सुटत नाही.

त्या दिवशी मी भोरला व्यायामाच्या वर्गाला निघालो होतो, म्हणून हातात दोन काठ्या होत्या. तसाच रस्त्यात घुसलो. डंपरवाल्याला हात केला आणि त्या पोराला म्हणालो, "दादा, सोडा त्यांचा हात. ओढू नका, ओढल्यानं अजून घट्ट होतं."

तो गोंधळला, पण त्यानं हात सोडला. मी एक काठी बाईच्या अंगठ्यापुढं आडवी धरली, जमिनीपासून वीतभर वर.

"ताई, खाली बघा. ही काठी हाय ना? ही ओलांडा. मांजर ओलांडतं तशी."

तिनं खाली पाहिलं. दोन क्षण गेले. मग उजवा पाय उचलला गेला, काठीपलीकडं पडला, मागनं डावा आला, आणि बाई जी सुटली ती थेट टायरच्या दुकानापर्यंत! तिच्या मुलाला मागनं पळावं लागलं. डंपरवाल्यानं काच खाली करून मलाच विचारलं, "काका, जादू केली का हो?"

बाई दुकानाच्या खांबाला धरून उभी होती. चेहऱ्यावर काहीच नाही, ना भीती ना हसू. आमच्या आजारात चेहराही हलायचा विसरतो. आवाज अगदी बारीक.

"मास्तर, ही कसली इद्या म्हनायची?"

माझ्या खिशाला जुनं पेन होतं आणि अंगावर खाकी पँट होती, तेवढ्यावरनं तिनं मला ओळखलं होतं. तेव्हापासून मी तिचा मास्तर झालो तो झालोच.

"इद्या न्हाई, ताई. व्यायाम हाय. चला भोरला, दावतो."

भोरची एसटी आलीच. मुलगा धनाजी कापूरहोळलाच एका गॅरेजात मेकॅनिक होता. तो दोन मिनिटं घुटमळला, मालकाला फोन केला आणि आईला घेऊन माझ्या मागोमाग गाडीत चढला.

भोर येईपर्यंत मला निम्मी कहाणी कळली. ती बयाबाई मरगळे, वेल्ह्याकडच्या पासलीची. पासलीची म्हणजे पासलीच्या वरची. गाव खाली भाताच्या खाचरांत, आणि तासभर चढून गेलं की डोंगराच्या खांद्यावर धनगरांची पाच घरं. जन्म तिथल्याच दुसऱ्या डोंगरावरचा, लग्न या डोंगरावर. नवरा लवकर गेला. मग तिनं एकटीनं म्हशी सांभाळल्या. पहाटे धारा काढायच्या, दूध घेऊन खाली उतरायचं, किराणा डोक्यावर घेऊन परत चढायचं, दुपारी म्हशींमागं रान तुडवायचं. धनाजी अभिमानानं म्हणाला, "आमच्या आयेसंगं चालायचं म्हंजी मानसाला पळावं लागायचं. वाडीतल्या बाया म्हनायच्या, बयाबरूबर बाजाराला जायचं असंल तर आदल्या दिवशीच निघा."

पाच वर्षांपूर्वी धार काढताना तिचा हात लटपटायला लागला. म्हस लाथ मारायची. लोक म्हणाले, थंडी. मग पावलं लहान झाली. लोक म्हणाले, वय. मग ती बोलेना, हसेना. तेव्हा जावेनं धरलं की आक्का रुसली. दोन वर्षांमागं ऐन श्रावणात ती उतरणीवर पडली, कमरेला मार बसला, आणि चौघांनी बांबूला घोंगडी बांधून त्या झोळीतनं तिला खाली आणलं. पुण्याला दाखवल्यावर आजाराला नाव मिळालं. गोळ्या सुरू झाल्या. धनाजी आणि सूनबाई रत्ना तिला कापूरहोळच्या खोलीवर घेऊन आले. खोलीबाहेर रस्ता, रस्त्यावर ट्रक. ज्या बाईनं डोंगर पायाखाली घातला होता ती संडासापर्यंत जायला सुनेचा हात धरत होती.

"मरान आलं तर वर डोंगरावर येऊ दे," असं ती एकदाच म्हणाली आणि भाटघर धरणाचं पाणी बघत बसली.

भोरला नदीकाठच्या मोकळ्या मैदानावर आमचा वर्ग भरायचा, मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी आठला. शिकवायला प्रेरणा मॅडम. भोरचीच मुलगी, तिशीची, पुण्याला फिजिओथेरपी शिकून परत आलेली. आम्ही नऊ जण होतो. सगळ्यांच्या हातात दोन-दोन काठ्या: हलक्या, उंचीप्रमाणं लांब-आखूड होणाऱ्या, खाली रबराचा बूट, वर मनगटात अडकवायचा पट्टा. याला पोल वॉकिंग म्हणतात. बर्फावर घसरणाऱ्या लोकांच्या काठ्यांवरनं ही कल्पना निघाली, असं मॅडमनी सांगितलं होतं.

मॅडमनी बयाबाईला तपासलं, गोळ्यांच्या वेळा विचारल्या, पुण्याचे कागद पाहिले आणि तिच्या हातात दोन काठ्या दिल्या. बयाबाईनं एक ठेवून घेतली, दुसरी परत केली.

"एक बास."

"मावशी, दोन लागतात."

"एक काठी धनगराची आस्ती. दोन काठ्या लंगड्याच्या. म्या काय लंगडी हाय व्हय?"

आम्ही नऊच्या नऊ दोन काठ्यांवर उभे! कुणी हसलं, कुणी खाली बघितलं. मॅडम मात्र जराही चिडल्या नाहीत.

"बरोबर बोललात. टेकायला दोन काठ्या लंगड्यालाच लागतात. या टेकायला नाहीतच, या ढकलायला आहेत. बघा हं."

आणि त्या चालून दाखवायला लागल्या. डावा पाय पुढं तर उजवी काठी पुढं. काठी टाचेजवळ टेकवायची आणि मागं रेटायची, होडीला वल्हं मारतात तशी. रेटलं की छाती उघडते, मान वर येते, पाऊल आपोआप लांब पडतं. मॅडम मैदानाच्या त्या टोकाला जाऊन आल्या तेव्हा बयाबाई टक लावून त्यांच्या पायांकडं बघत होती. चालणाऱ्याची पारख तिला कोण शिकवणार?

"हां," ती म्हणाली. "ही चाल बरी हाय."

पण बघणं वेगळं आणि करणं वेगळं. तिनं सुरुवात केली आणि उजव्या पायाबरोबर उजवीच काठी जायला लागली. मॅडम बाजूनं चालत म्हणत होत्या, "एक-दोन, एक-दोन." त्या आकड्यांनी बयाबाईची उलट घाई व्हायला लागली. पावलं लहान, मग अजून लहान, मग नुसती तुरुतुरु, आणि मैदानाच्या मध्यावर दोन्ही पाय बंद. तिनं काठ्या सोडल्या, म्हणजे पट्ट्यांना लोंबकळत ठेवल्या, आणि मटकन खाली बसली.

"म्या सांगितलं व्हतं. न्हाई जमायचं."

मॅडम तिच्याशेजारी मातीत बसल्या. बाकीच्यांना म्हणाल्या, तुम्ही चालू ठेवा. पण चालतंय कोण! आम्ही सगळे कान लावून उभे.

"मावशी, म्हशींमागं चालायचात तेव्हा तोंडानं काही म्हणायचात का?"

"काय म्हननार? म्हशींची नावं घ्यायाची. त्या नावानं चालत्यात. पुढची चंद्री, मग मोरी, मग गवळन, मागं भिंगरी. एकीचं नाव घेतलं की तिचा पाय उचलतो, मग दुसरीचं. घाई करून चालत न्हाई. म्हस तिच्याच चालीनं चालनार."

मॅडमच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. त्या उठल्या आणि बयाबाईला उठवलं.

"उजवी काठी चंद्री. डावी काठी मोरी. उजवी गवळण. डावी भिंगरी. मोठ्यांदा म्हणा. जितकं मोठ्यांदा म्हणाल तितकं पाऊल लांब."

"चंद्री," बयाबाई पुटपुटली.

"ऐकू नाही आलं. म्हैस तिकडं नदीपार आहे."

"चंद्री!"

काठी पडली, डावा पाय पुढं गेला.

"मोरी! गवळन! भिंगरी!"

मी आयुष्यात लाखो तिकिटं फाडली, घाटातनं गाड्या नेल्या-आणल्या, पण त्या मैदानावर त्या मिनिटाला जे वाटलं ते कधी वाटलं नव्हतं. बाई चालली होती! पाठ सरळ, मान वर, लुगड्याचा काष्टा घट्ट, आणि काठ्या मागं अशा रेटतेय की रबराच्या बुटाखालनं माती उडतेय. टोकाला पोचली, मॅडमनी सांगितल्याप्रमाणं मोठा वळसा घेऊन फिरली आणि परत आली. धनाजी नाकावर रुमाल धरून उभा होता. आमच्यातले एक निवृत्त तलाठी होते, कडक शिस्तीचे. तेसुद्धा ओरडायला लागले, "गवळण! भिंगरी!" आणि पुढच्या फेरीला नऊच्या नऊ जण बयाबाईच्या म्हशींच्या नावानं चाललो. नदीवर कपडे धुणाऱ्या बायका हात थांबवून बघत राहिल्या. कुठला नवा पंथ निघालाय, असंच त्यांना वाटलं असणार.

त्यानंतर बयाबाईनं एक वार चुकवला नाही. मॅडमनी पहिल्याच महिन्यात स्पष्ट सांगितलं होतं, "मावशी, हा आजार जात नाही. गोळ्या सुटणार नाहीत. पण चालणं टिकवता येतं, वाढवताही येतं." बयाबाई म्हणाली, "वाढतंय ना? मग झालं." सहा मिनिटांत माणूस किती चालतो हे मॅडम टेप लावून मोजत. पहिल्या आठवड्यात बयाबाई दीडशे मीटर गेली. तिसऱ्या महिन्यात तीनशे दहा. माझे तीनशे पाच! मी मॅडमना म्हणालो, टेप पुन्हा लावा. त्यावर बयाबाई हसली. पहिल्यांदा. तोंडात पुढचे दोन दात नव्हते हे आम्हाला तेव्हा कळलं.

आणि हसता हसताच तिनं बॉम्ब टाकला.

"बाई, आता मला वाडीवर चालत जायाचंय."

मॅडम एकदम गंभीर झाल्या. सपाट मैदान वेगळं, डोंगराची वाट वेगळी. घसरण, दगड, अरुंद जागा. अरुंद जागेतच आमचे पाय सगळ्यात आधी अडतात. दाराच्या उंबऱ्यात, दोन बाकड्यांच्या मध्ये.

"जीपनं पासलीपर्यंत जाऊ. वाडीतल्यांना खाली बोलवू," मॅडम म्हणाल्या.

"मला चौघांनी खांद्यावरनं उतरवलं. म्या परत आले म्हनून सांगाया म्या मानसं खाली बोलवू? न्हाई. म्या पायानं जानार."

आवाज बारीक होता, पण त्यात माघार नव्हती. शेवटी मॅडमनी अटी घातल्या. दोन महिने चढाचा सराव. काठ्या चढाला थोड्या आखूड, उताराला थोड्या लांब. गोळी वेळेवर. दमलं की बोलायचं. आणि मॅडमनी 'परत' म्हटलं की परत फिरायचं. बयाबाईनं सगळ्याला मान डोलावली. आम्ही भाटघरच्या रस्त्याच्या चढावर सराव केला. मीही केला, कारण मी मनातनं आधीच ठरवलं होतं: ही एकटी जाणार नाही.

जानेवारीत, भातं झोडून झाल्यावर, रविवार ठरला. धनाजीनं मालकाची जीप आणली. मॅडम, बयाबाई, धनाजी, रत्ना आणि मी. आम्हा दोघा आजाऱ्यांचा हिशोब मॅडमनी घड्याळावर बांधला होता. सकाळी साडेसातला गोळी. पाऊण तासानं ती लागू होणार. मग अकरा, फार तर सव्वाअकरापर्यंत पाय हाताशी. तेवढ्यात वर पोचायचं.

आणि नसरापूर सोडून वेल्ह्याच्या वाटेला लागलो तर टायर फुटला! धनाजी मेकॅनिक, तरी स्टेपनी बसवून निघेपर्यंत अर्धा तास गेला. बयाबाई जीपमध्ये बसून मोजत होती, "आता वाडीत धारा झाल्या असत्याल. आता म्हशी सुटत्याल." मी तोरण्याकडं बघत होतो आणि माझ्या घड्याळाकडं बघायचं टाळत होतो.

पासलीला पोचलो तेव्हा साडेनऊ. खाचरांत भाताचे खुंट, कडेला पेंढ्याच्या उडव्या, आणि वर तो डोंगर. बयाबाई जीपमधनं उतरली, मनगटात पट्टे अडकवले आणि वर बघून एकदाच हात जोडले.

"चला."

पहिला टप्पा सोपा होता. पायवाट रुंद, ऊन कोवळं. बयाबाई पुढं, तिच्यामागं हातभर अंतर ठेवून मॅडम, मग मी, माझ्यामागं धनाजी आणि रत्ना. चंद्री, मोरी, गवळण, भिंगरी. ती म्हणे, मी म्हणे. एका आंब्याखाली थांबलो, पाणी प्यालो. मॅडमनी नाडी पाहिली. "छान. दहा मिनिटं बसा." बयाबाई म्हणाली, "पाच." पुढं कारवीचं रान लागलं. वाट दगडी झाली. आता ती दर पावलाला काठीनं दगड चाचपत होती, हलणारा दगड कळला की दुसरा शोधत होती. रत्ना मागनं मला म्हणाली, "मामा, आत्याबाईंना वाट पाठ हाय. दगडबी पाठ हायत." मला घाम फुटला होता, पण अंगात असा काही उत्साह होता की हात कापतोय हेही मी विसरलो.

सव्वादहा झाले. आणि आम्ही चिमट्यापाशी आलो.

चिमटा म्हणजे दोन मोठ्या शिळांमधली सापट. जेमतेम एक म्हस जाईल एवढी. पंधरा-वीस पावलांची वाट. एका बाजूची शिळा संपली की थेट घसरण. बयाबाई आत शिरली, तीन पावलं गेली आणि थांबली.

"मावशी?"

"अडलं," ती म्हणाली.

मॅडमचा आवाज शांत होता. "ठीक आहे. घाई नाही. आधी पूर्ण थांबा. श्वास. आता डावीकडं वजन, उजवीकडं वजन. नुसतं डुला." बयाबाई डुलत होती. पाय हलत नव्हते. मागनं धनाजी पुढं सरायला लागला, तशी ती न वळता म्हणाली, "धना, हात लावू नगंस."

आणि तेवढ्यात वरनं घंटा वाजल्या.

म्हशी! वाडीच्या म्हशी पाण्याला उतरत होत्या. सापटीच्या वरच्या तोंडाशी पहिलं काळं तोंड दिसलं, मग शिंगं, मग मागनं दुसरं. सात-आठ जनावरं, उतारावर पाण्याच्या ओढीनं निघालेली. मागं राखणारं माणूस दिसेना. मॅडम पटकन म्हणाल्या, "मागं फिरूया." पण मागं फिरणं हेच आमच्यासाठी सगळ्यात अवघड. वळताना पाय एकमेकांत अडकतात. मला ते माहीत होतं आणि बयाबाईलाही. पुढची म्हस सापटीत शिरली. चार-पाच हात अंतर राहिलं.

"न्हाई फिरायचं," बयाबाई म्हणाली.

आणि तिनं दोन्ही काठ्या वर केल्या, छाती भरून घेतली आणि आरोळी दिली.

"हौऽऽऽ! हौ गं, हौऽऽऽ! मागं!"

मी तो आवाज कसा सांगू? मैदानावरची पुटपुट गेली कुठं? डोंगराच्या त्या अंगाला जाऊन तो परत आला. पुढची म्हस जागच्या जागी थबकली. या म्हशी नव्या होत्या, बयाबाईला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. तरी त्या पुढचीनं नाक फुरफुरवलं, मान वळवली आणि मागचीला ढुशी देत उलटी वर सरकायला लागली. आरोळीबरोबर बयाबाईचा उजवा पाय पुढं पडला होता. मग डावा. मग उजवा. म्हशी वर चालल्या आणि त्यांच्यामागं दोन काठ्या आपटत बयाबाई! आम्ही सगळे तिच्यामागं. मी तर कधी सापट पार केली मला कळलंच नाही.

वरनं एका बाईचा आवाज आला. "कोन हाय गं खाली? माज्या म्हशी कोन फिरवतंय?"

"म्या हाय! बया!"

"कोन बया?"

"तुजी जाऊ, आनि कोन!"

वरच्या तोंडाशी एक लुगड्यातली बाई पळत आली. ती सगुणाबाई, बयाबाईची धाकटी जाऊ. तिनं बयाबाईकडं पाहिलं, काठ्यांकडं पाहिलं, मागं घामेजलेल्या आमच्याकडं पाहिलं, आणि म्हशी तिथंच सोडून तिनं बयाबाईला मिठी मारली. मॅडम ओरडल्या, "अहो हळू, पडाल दोघी!" पण त्याही हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

वाडीवर पोचलो तेव्हा अकराला दहा कमी होते. पाचही घरांतली माणसं अंगणात आली. कुणी पाणी आणलं, कुणी घोंगडी अंथरली. म्हाताऱ्या बाया काठ्या हातात घेऊन बघत होत्या, रबराचा बूट दाबून बघत होत्या. बयाबाईनं त्यांना पट्टा कसा घालायचा ते दाखवलं. सगळ्यांना एकच सांगत होती, "पायानं आले. इचारा ह्या मास्तरला."

तेवढ्यात माझं लक्ष मॅडमकडं गेलं. सगुणाबाईच्या दाराशी एक म्हातारा भिंतीला टेकून बसला होता, त्याच्याकडं त्या बघत होत्या. तो सगुणाबाईचा नवरा, म्हणजे बयाबाईचा दीर, गेनू. सगळी वाडी उठून आली तरी तो उठला नव्हता.

"त्यास्नी काय सांगू नगा," सगुणाबाई तिरसट आवाजात म्हणाली. "वरीस झालं, नुसतं बसून ऱ्हात्यात. काम नगं, बोलनं नगं. आळस भरलाय अंगात."

मॅडम त्याच्यापाशी गेल्या आणि नम्रपणे म्हणाल्या, "बाबा, अंगणात जरा चालून दाखवता?" तो कष्टानं उठला. चालला. डावा हात अजिबात हलत नव्हता, खुंटीला टांगल्यासारखा. पाऊल घासत होतं. मॅडमनी त्याची कोपरं हलवून पाहिली, बोटं आपटायला लावली, आणि म्हणाल्या, "आजाराचं नाव मी सांगणार नाही, ते डॉक्टर सांगतील. पण हा आळस नाही, सगुणाबाई. यांना दाखवायला हवं. या आठवड्यातच."

सगुणाबाई नवऱ्याकडं बघत राहिली. वर्षभर जे जे बोलली होती ते तिला आठवत असणार. गेनू खाली बघत म्हणाला, "म्या न्हाई जानार कुठं. हितंच बरा हाय."

बयाबाई उठली. त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"भावजी, दोन वरसामागं म्याबी ह्येच म्हनत व्हते. मग चौघांच्या खांद्यावरनं गेले. तुमी तुमच्या पायानं खाली उतरा. म्या संगं हाय."

गेनूनं तिच्या पायांकडं बघितलं. मग बायकोला म्हणाला, "माजं पायतान कुठंय?"

त्यानंतरचं थोडक्यात सांगतो. बयाबाई त्या दिवशी उतरली नाही. रत्नाला गोळ्यांसकट ठेवून घेतलं आणि सहा दिवस वाडीवर राहिली. मग गेनूला संगं घेऊन उतरली. त्याला वेल्ह्याला आणि तिथनं पुण्याला दाखवलं. कंपवातच निघाला. गोळ्या सुरू झाल्यावर पंधरा दिवसांत तो हसला, असा सगुणाबाईचा फोन धनाजीला आला. मॅडम आता महिन्यातनं दोन रविवार पासलीला जातात. भैरवनाथाच्या देवळापुढच्या पटांगणात वर्ग भरतो. आसपासच्या वाड्यांमधली पाच माणसं येतात. त्यातल्या तिघांना स्वतःला काय झालंय हे ठाऊकच नव्हतं.

बयाबाई आता अर्धा महिना कापूरहोळला असते, अर्धा पासलीला, सगुणाबाईच्या भावाच्या घरी. सगळंच गोड झालेलं नाही. उन्हाळ्यात ती दोनदा पडली, एकदा मनगट सुजलं. गोळी उतरली की तिला अजूनही पाच पावलं जड होतात. मलाही. वाडीवर जायला ती पुन्हा एकदाच निघाली, आणि त्या वेळी आंब्यापासून परत फिरली, कारण मॅडम म्हणाल्या परत.

मागच्या रविवारी मी पासलीला गेलो होतो. पटांगणात नवा माणूस आला होता, कुणीतरी रिटायर्ड मिलिटरीवाला, आणि त्याला दोन काठ्या धरायची लाज वाटत होती. मॅडम काही बोलायच्या आधी गेनूच पुढं झाला. आपल्या काठ्या त्याच्या हातात दिल्या, पट्टे बांधून दिले आणि म्हणाला, "सुबेदार, आधी एक फेरी मारा, मग लाजा."

बयाबाई देवळाच्या पायरीवर बसून त्या नव्या माणसाच्या पायांकडं बघत होती. फेरी निम्मी झाली तशी ती ओरडली, "टाच आधी! टाच आधी टेका!" आणि तो माणूस दचकून टाच टेकवत सरळ चालायला लागला.